धुराची किंमत आणि वायॅला गांव

कारखान्यांत एखादी वस्तु तयार होते तेव्हां तिला लागलेला कच्चा माल, मजुरांचा पगार, कोळसा, वीज आणि यंत्रांची झीज यांचा हिशेब मालक चोख ठेवतो; कारण यांपैकीं प्रत्येक खर्च त्याच्याच खिशांतून जात असतो. परंतु धुरांड्यांतून जो धूर बाहेर पडतो त्याचें बिल त्याला कोणीच पाठवीत नाहीं. तो धूर शेजाऱ्यांच्या भिंती काळ्या करतो, वाळत घातलेले कपडे मळवितो, म्हाताऱ्यांचा खोकला वाढवितो. आणि हा सर्व खर्च, ज्यांचा त्या कारखान्याशीं कांहींएक संबंध नाहीं, अशांच्या माथीं बसतो. केंब्रिज येथील अर्थशास्त्रज्ञ आर्थर सेसिल पिगू यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या कल्याणविषयक अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या विचाराची पद्धतशीर मांडणी केली. जो खर्च दुसऱ्यावर पडतो तो कराच्या रूपानें ज्याचा त्यालाच भरावयास लावावा, हें त्यांच्या म्हणण्याचें सार.

पिगू यांच्या मनांत होता तो काजळीचा धूर. आज ज्याविषयीं वाद चालू आहे तो कार्बन डायॉक्साइड वायु रंगहीन असून तो भिंत काळी करीत नाहीं. पण तो शेंकडों वर्षें वातावरणांत राहतो आणि सर्व पृथ्वीच त्याची शेजारीण आहे. या वायूच्या प्रत्येक टनावर आकार बसविण्याची कल्पना फिनलंडनें १९९० सालीं व स्वीडननें १९९१ सालीं अमलांत आणली. तेव्हांपासून एकच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारला जातो : या आकारानें उद्योगधंद्यांचा इंधनखर्च वाढून ते बुडणार नाहींत काय? नुसत्या तर्कानें याचा निकाल लागणें कठीण. ज्या देशानें असा आकार बसविला आणि दोनच वर्षांत उठविला, त्या ऑस्ट्रेलियाचें उदाहरण याकामीं फार उपयोगी आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यांत स्पेन्सर आखाताच्या काठीं वायॅला नांवाचें गांव आहे. वस्ती सुमारें बावीस हजार. जवळच्या मिडलबॅक डोंगरांत लोखंडाचें खनिज सांपडतें, आणि १९४१ सालीं तेथें पहिली झोतभट्टी पेटली. आगगाडीचे रूळ हा या कारखान्याचा प्रसिद्ध माल. गांवांत तोच एक मोठा कारखाना. तो बंद पडला तर दुकानदार, शाळामास्तर, न्हावी अशा सर्वांनाच गांव सोडावें लागेल अशी स्थिति. येथें रसायनशास्त्रांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लोखंडाच्या खनिजांत लोखंडाशीं प्राणवायु जखडलेला असतो. तो सोडवून घेण्याचें काम कोकमधील कार्बन करतो, व तसें करतांना त्याचा कार्बन डायॉक्साइड बनतो. म्हणजे झोतभट्टींत कोक हा केवळ सरपण नव्हे, तो त्या क्रियेचाच एक घटक आहे. या रीतीनें एक टन पोलाद करावयास सुमारें दोन टन किंवा त्याहूनहि अधिक कार्बन डायॉक्साइड निघतो. रोटी भाजणाऱ्यानें कोळशाऐवजीं विजेची शेगडी घ्यावी, तितक्या सहज पोलादवाल्याला कोक सोडतां येत नाहीं. त्याची भीति अगदींच खोटी नव्हती.

मजूर पक्षाच्या मुख्य प्रधान श्रीमती ज्यूलिया गिलार्ड यांनीं २०१० च्या निवडणुकीपूर्वीं, आपल्या सरकारांत कार्बनकर असणार नाहीं, असें सांगितलें होतें. निवडणुकींत बहुमत न मिळाल्यामुळें त्यांना ग्रीन पक्षाचा व अपक्षांचा टेकू घ्यावा लागला, आणि पुढच्याच वर्षीं आकाराची योजना जाहीर झाली. शब्द मोडल्याचा हा डाग त्यांच्या योजनेस शेवटपर्यंत चिकटून राहिला. विरोधी पक्षाचे पुढारी टोनी ॲबट यांनीं एप्रिल २०११ मध्यें वायॅला येथें जाऊन, या करानें हें गांव नकाशावरून पुसलें जाईल, असें भाकीत केलें. ता. १ जुलै २०१२ रोजीं आकार सुरू झाला. दर पहिल्या वर्षीं टनास २३ डॉलर व दुसऱ्या वर्षीं २४ डॉलर १५ सेंट. त्याचबरोबर प्राप्तीवरील कराची माफीची मर्यादा ६,००० डॉलरवरून १८,२०० डॉलरपर्यंत वाढविण्यांत आली, कीं जेणेंकरून गरिबांस वाढलेलें विजेचें बिल भरतां यावें.

आतां पोलादाच्या कारखान्यावर खरोखर किती भार पडला, याचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः पाटीवर करून पाहावा. समजा, एका कारखान्यांतून वर्षाला १,००,००० टन कार्बन डायॉक्साइड निघतो. २३ डॉलर दरानें त्याचे २३,००,००० डॉलर होतात. हा आंकडा सभेंत सांगितला तर कोणाचीहि छाती दडपेल. परंतु परदेशी मालाशीं स्पर्धा करणाऱ्या अशा धंद्यांस, त्या धंद्याच्या सरासरी धुराच्या शेंकडा ९४.५ इतके परवाने सरकार फुकट देत असे. आपला कारखाना सरासरीचाच असेल तर त्याला ९४,५०० टनांचे परवाने फुकट मिळाले. उरलेल्या ५,५०० टनांचे १,२६,५०० डॉलर भरावे लागले. सर्व धुरावर वांटले तर टनामागें सव्वा डॉलरच.

मग एवढ्या अल्प रकमेनें धूर कमी तो काय होणार, असें कोणी म्हणेल. येथेंच या योजनेंतील खरी खुबी आहे, आणि ती वादाच्या गदारोळांत फारच थोड्यांच्या लक्षांत आली. फुकट परवाने धुरावर नव्हे, तयार झालेल्या मालावर मोजून दिले जात. म्हणून त्याच कारखान्यानें तेवढेंच पोलाद काढून धूर १,००० टनांनीं कमी केला, तर फुकट परवाने तितकेच राहतात, आणि द्यावयाची रक्कम १,०३,५०० डॉलर होते. वांचले २३,००० डॉलर. म्हणजे प्रत्येक टनामागें पुरते २३! सरासरीनें पाहिलें तर भार सव्वा डॉलरचा, पण सुधारणेचें बक्षीस तेवीस डॉलरचें. सरासरी आणि शेवटचा टन यांतील हा भेद ज्याला उमगला त्याला अर्थशास्त्राचा अर्धा धडा आला असें समजावें. याशिवाय पोलादाच्या धंद्यासाठीं ३० कोटि डॉलरची वेगळी मदतहि मंजूर झाली होती.

मग कारखानदार व गृहिणी दोघेंहि विजेच्या बिलाविषयीं ओरड करीत होतीं, ती काय खोटी? मुळींच नाहीं. बिलें खरोखर फुगलीं होतीं. पण मुख्य कारण निराळेंच होतें. वीज वाहून नेणाऱ्या तारा, खांब व उपकेंद्रें यांवर कंपन्यांनीं अतोनात भांडवल ओतलें होतें. जितकें भांडवल घालावें तितका ठराविक नफा ग्राहकांकडून वसूल करण्याची मुभा नियमांनीं त्यांस होती. आणि विजेची मागणी वाढतच जाणार हा अंदाज चुकून ती उलट उतरूं लागली. देशाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगानें २०१८ सालीं चौकशी करून हेंच सांगितलें, कीं दरवाढींत सर्वांत मोठा वांटा या तारा-खांबांचा होता. परंतु खांबाविरुद्ध घोषणा देऊन निवडणूक जिंकतां येत नाहीं. चोर सोडून संन्याशास सूळ, असा हा प्रकार झाला.

ॲबट यांचा पक्ष २०१३ सालीं निवडून आला, आणि ता. १७ जुलै २०१४ रोजीं सेनेटनें ३९ विरुद्ध ३२ मतांनीं आकार रद्द केला. विजेचे दर कांहीं काळ उतरले. पण २०१५ पासून क्वीन्सलंडमधील ग्लॅडस्टन बंदरांतून नैसर्गिक वायु द्रवरूपांत परदेशीं जाऊं लागला. देशांतील कारखान्यांसहि तो परदेशच्या भावानें घ्यावा लागून त्याची किंमत अनेक पट चढली. मार्च २०१७ मध्यें व्हिक्टोरियांतील हेझलवुड हें जुनें कोळशाचें वीजकेंद्र बंद पडलें. कार्बनवरील आकार नसतांनाहि वीज पुन्हां महागली.

आणि वायॅला? आकार चालू असलेलीं दोन वर्षें तें तगलें. आकार उठल्यावर पावणेदोन वर्षांनीं, एप्रिल २०१६ मध्यें, कारखान्याची मालक ॲरियम कंपनी दिवाळखोरींत निघाली. लोहखनिजाचा भाव २०११ च्या आरंभीं टनास १८० अमेरिकन डॉलरच्या आसपास होता, तो २०१५ च्या अखेरीस ४० च्याहि खालीं गेला. खाणींसाठीं काढलेलें कर्ज मात्र तसेंच राहिलें.

येवढ्यावरून विरोधकांचें सर्वच म्हणणें फोल होतें असें समजूं नये. एकट्या देशानें आकार बसविला तर धूर नाहींसा न होतां केवळ परदेशीं स्थलांतर करील, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. फुकट परवाने ही त्या मुद्द्याचीच कबुली होती. त्या दोन वर्षांत वीजकेंद्रांचा धूर घटला खरा, परंतु त्यांतील कांहीं घट जलविद्युतीमुळें व मागणी उतरल्यामुळें झाली, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. युरोपनें यावर दुसरी तोड काढली आहे. बाहेरून येणारें पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत इत्यादि मालावर, तो करतांना निघालेल्या धुराप्रमाणें सरहद्दीवर आकार घेण्याचा नियम ता. १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. मूळ देशांत असा आकार भरलेला असल्यास तेवढी सूट मिळते. आपल्या देशांतून युरोपास पोलाद जातें, म्हणून हा प्रश्न आपल्याहि दाराशीं येऊन ठेपला आहे : जो पैसा आपण घेणार नाहीं तो युरोपच्या खजिन्यांत जाईल. हिंदुस्थानानें २०१० सालीं कोळशावर टनास ५० रुपये उपकर बसविला होता, तो २०१६ पर्यंत ४०० झाला. त्याची जागा पुढें घेणारा तेवढाच उपकर सप्टेंबर २०२५ मध्यें बंद झाला. मात्र कोळशावरील वस्तु व सेवा कर त्याच वेळीं शेंकडा ५ वरून १८ करण्यांत आला. धुराच्या परवान्यांचा बाजार उभारण्याची योजना २०२३ सालीं जाहीर झालेली आहे.

ऑस्ट्रेलियांतहि आकार दुसऱ्या दारानें परत आलाच. १ जुलै २०२३ पासून, वर्षाला एक लाख टनांहून अधिक धूर सोडणाऱ्या कारखान्यांची मर्यादा दर वर्षीं शेंकडा ४.९ नें उतरविली जात आहे, आणि या वेळीं फारसा गलबला झाला नाहीं. वायॅलाचा कारखाना मात्र नव्या मालकाच्या हातींहि सांवरला नाहीं. फेब्रुवारी २०२५ मध्यें राज्य सरकारनें तो त्याच्याकडून काढून घेऊन प्रशासकांच्या ताब्यांत दिला, आणि राज्य व संघ सरकारांनीं मिळून २४० कोटि डॉलरची मदत जाहीर केली. मिडलबॅकमधील मॅग्नेटाइट जातीचें खनिज कोकवांचून, हायड्रोजन वायूनें शुद्ध करतां येईल अशी आशा आहे, व त्यासाठीं गांवाजवळ हायड्रोजनचा कारखाना काढण्याचें राज्य सरकारनें योजिलें होतें. ती योजना त्याच महिन्यांत बाजूस ठेवण्यांत आली आणि तिचा पैसा जुनी झोतभट्टी विझूं नये म्हणून वळविण्यांत आला. नव्या मालकाचा शोध २०२५ मध्यें पुन्हां सुरू झाला.