खेळाडूंचा आहार : प्रथिनांची गरज आणि घरचे अन्न

पनवेल तालुक्यातील कामोठे हे एके काळी भातशेती आणि खाडीची मासळी यांवर जगणारे आगरी वस्तीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी जमिनी संपादन झाल्या आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०१६ पासून हा परिसर पनवेल महानगरपालिकेत आहे. शेत गेले, तरी या पट्ट्यातील कबड्डीची आवड गेलेली नाही. मात्र सरावाबरोबर आता एक नवा प्रश्न आला आहे : अंग कमावण्यासाठी डबाबंद प्रथिनांची भुकटी घ्यावीच लागते काय?

प्रथिनांचे कार्य

व्यायामाने स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो. विश्रांतीच्या काळात ते पुन्हा बांधले जातात व अधिक बळकट होतात. या बांधणीचे साहित्य म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्ले. त्यांपैकी नऊ आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. परंतु केवळ साहित्य असून भागत नाही. भात-भाकरीतून पुरेसे उष्मांक मिळाले नाहीत, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. म्हणून भात सोडून केवळ प्रथिनांच्या मागे लागणे खेळाडूला हितकारक नाही.

गरज किती?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. नियमित कठोर सराव करणाऱ्यांसाठी क्रीडावैद्यक तज्ज्ञ १.२ ते २ ग्रॅम हे प्रमाण सांगतात. ६० किलो वजनाच्या माणसाला एरवी सुमारे ५० ग्रॅम लागतात. तोच कबड्डीपटू असेल, तर ७२ ते ९६ ग्रॅम हे सर्वसाधारण उद्दिष्ट ठेवता येईल. ती एकाच वेळी न घेता तीन-चार वेळच्या खाण्यात विभागून घ्यावीत.

घरच्या ताटाचा हिशेब

ही गरज घरच्या अन्नातून भागते काय, हे पाहू. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम), पेलाभर दूध (६) व तांदळाच्या भाकऱ्या (७). दुपारी दीडशे ग्रॅम तांदळाचा भात (११), साठ ग्रॅम वालाचे बिरडे (१४) आणि शंभर ग्रॅम मासळी (१८). सरावानंतर चाळीस ग्रॅम फुटाणे (८). रात्री भाकरी (७) व पन्नास ग्रॅम डाळीची आमटी (११). धान्य व कडधान्याची वजने कच्च्या मालाची आहेत. बेरीज होते ९४ ग्रॅम. मासळीऐवजी ३५ ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घेतल्या, तरी तेवढीच प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांनी दूध, दही व शेंगदाणे वाढवावेत.

या ताटात आणखी एक शहाणपण आहे. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर कडधान्यांत मेथिओनीन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. डाळ-भात हे गरिबाचे अन्न म्हणून उणे लेखण्याचे कारण नाही. बोंबील, जवळा यांसारख्या सुक्या मासळीत वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. खारवलेली असल्यास ती धुऊन व बेताने वापरावी.

१९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. दूध, तूप व बदामाची थंडाई यांवर पोसलेल्या कुस्तीच्या परंपरेतून ते पुढे आले. भुकटीचे डबे त्या काळी आखाड्यात नव्हते.

भुकटीविषयी सावधगिरी

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळावीत, असे सुचविले आहे. गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या प्रथिनांचे स्नायू होत नाहीत. ती इंधन म्हणून खर्ची पडतात किंवा त्यांची चरबी बनते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. वाढत्या वयाच्या मुलांना कोणाच्या सांगण्यावरून भुकटी देणे तर सर्वस्वी अयोग्य होय.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे काम

उद्याचा खेळाडू आज शाळेत जेवत आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलास १२ ग्रॅम व उच्च प्राथमिक वर्गातील मुलास २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यासाठी अनुक्रमे २० व ३० ग्रॅम डाळ धरलेली आहे. आमटी पातळ झाली की हे प्रमाण कागदावरच राहते. मुख्याध्यापकांनी डाळीचे माप रोज पाहावे, शाळा व्यवस्थापन समितीने ते अधूनमधून तपासावे आणि क्रीडाशिक्षकांनी सरावानंतर मुलांना मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे खाण्याची सवय लावावी. ग्रामपंचायतींनी क्रीडास्पर्धांच्या बक्षिसांबरोबर खेळाडूंच्या न्याहारीचाही विचार करावा. मैदान तयार करणे जितके आवश्यक, तितकेच त्यावर उतरणाऱ्या मुलाच्या ताटात डाळ असणेही आवश्यक आहे.