नाटक तुझं, तर तक्रारही तूच कर

ऐक गं पोरी. मंडईच्या जत्रा आणि बैलांच्या शंकरपटाचे दिवस आले की आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटक रंगतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं तेच नाटक यूट्यूबवर दिसतं. तू लिहिलेलं, तूच काम केलेलं! ‘यूट्यूबवरच खटला भरते’ म्हणतेस. राग रास्त आहे, पण आधी हे ऐकून घे.

टी-सीरीजसारख्या मातब्बर कंपनीने मायस्पेस या संकेतस्थळाला कोर्टात खेचलं होतं. लोक आमची गाणी तिथे टाकतात, म्हणून दोष तुमचा, असं तिचं म्हणणं. 2011 मध्ये तिला मनाई हुकूम मिळाला. पण 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. चोरीचं काहीतरी असेल, ही मोघम शंका पुरत नाही. नेमकी कोणती गाणी हे कळूनही ती ठेवली, तरच ठपका.

म्हणजे टाकणारा दोषी आहेच, पण यूट्यूबला जागं करायचं काम तुझं. प्रत्येक व्हिडिओची लिंक उतरवून घे, तारखेसह स्क्रीनशॉट ठेव आणि लेखी तक्रार कर. यूट्यूबचा त्यासाठीचा अर्ज फुकट आहे. आपल्या 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार लेखी नोटीस मिळाल्यावर 36 तासांत पावलं उचलावी लागतात. मात्र त्या नोटिशीत ‘मी दावा दाखल करीन’ अशी हमी द्यावी लागते. 21 दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाहीस, तर व्हिडिओ परत दिसू शकतो. म्हणून नोटीस धाडण्याआधीच वकील गाठ.

आणि मालकी कुणाची, ते स्वच्छ असू दे. नोंदणी नसली तरी लिहिलेल्या संहितेवर लेखकाचा हक्क असतो. तुझ्या अभिनयावर, गाण्यावर कलाकार म्हणून तुझा वेगळा हक्क आहे, तो 50 वर्षं टिकतो. तुझ्या संमतीशिवाय त्याचं शूटिंग करता येत नाही. वडशाच्या नाटक कंपनीला संहितेचे हक्क देशील, तर मुदत लिहून घे; ती लिहिली नाही, तर कायदा 5 वर्षं धरतो. व्हिडिओ कंपनीनेच टाकला असेल, तर आधी करार काढून वाच. उगीच खोटी तक्रार अंगाशी येईल.

तोंडी शब्दावर आपल्याकडे नाटकं उभी राहतात, हक्क राहत नाहीत. यंदा पहिल्या प्रयोगाआधी करारावर सही घेच.