स्त्रीचे आरोग्य आणि नवे तंत्र : दवनीवाड्याहून पाहताना

(बी. ए. तृतीय वर्ष, गृहअर्थशास्त्र)

विज्ञानाच्या प्रगतीवर निबंध लिहावयास सांगितले की आपण विद्यार्थी बहुधा चंद्रावर उतरलेल्या मानवापासून प्रारंभ करतो. स्त्रियांच्या आरोग्यापुरते बोलायचे तर महाराष्ट्रालाही अभिमानाने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी १९५५ साली वारंवार होणारा गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला टाका घालण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि ‘शिरोडकर टाका’ हे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी परीक्षानळीतील बालिकेचा जन्म झाला. ही मोठ्या रुग्णालयांतील कामगिरी आहे आणि तिचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु मी गोंदिया तालुक्यातील दवनीवाड्याची राहणारी. मोठे तंत्र आमच्या गावातील बाईपर्यंत येते की नाही, आणि येत नसेल तर वाटेत कोठे अडते, हा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो. म्हणून या लेखात मी एकच रोग घेतला आहे, गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि तो वेळीच ओळखण्याची साधने.

हा विषय का निवडला

माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची पत्नी, याच रोगाने गेली. पाळी बंद होऊन काही वर्षे झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा थोडे थोडे जाऊ लागले. तिने ते उष्णतेचे कारण समजून धणे-जिऱ्याचे पाणी घेतले. अंगावरून पांढरे जाणे, ज्याला जुन्या बाया धुपणी म्हणतात, ते तर तिला वर्षानुवर्षे होतेच. ते दुखणे आहे असे तिला कधी वाटले नाही.

याच्या दोन वर्षे आधी एका शिबिरात तिची तपासणी झाली होती. काचेच्या पट्टीवर नमुना घेतला आणि पंधरा दिवसांनी अहवाल घेऊन जा, असे सांगितले. पंधरा दिवसांनी रोवणी सुरू झाली होती. बांधीत पाणी, परहे तयार, मजूर मिळत नाहीत. एक दिवस मोडून कागद आणायला कोण जाणार? मोठी आई गेली नाही आणि कागद तिच्याकडे कोणी आणला नाही. पुढे नागपूरला नेले तेव्हा रोग तिसऱ्या पायरीवर पोहोचला होता. त्या कागदावर काय लिहिले होते, हे आम्हांला कधीच कळले नाही.

हा लेख त्या कागदापासून सुरू झाला, असे म्हटले तरी चालेल.

रोग कसा वाढतो

गर्भाशयमुखाचा कर्करोग प्रामुख्याने ‘ह्यूमन पॅपिलोमा’ नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांनी १९८० नंतरच्या वर्षांत हा संबंध दाखविला व त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि अतिशय सर्वसामान्य आहे. बहुतेक स्त्रियांचे शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला आपोआप घालवून देते. ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यापैकी काहींच्या गर्भाशयमुखावरील पेशी हळूहळू बदलू लागतात. बदललेल्या पेशींचा कर्करोग होण्यास साधारणतः दहा ते वीस वर्षे लागतात.

म्हणजे हा रोग फार सावकाश येतो. पुष्कळ वर्षे तो कर्करोग नसतोच, केवळ कर्करोगाची पूर्वतयारी असते, आणि त्या काळात तो भाग गोठवून किंवा उष्णता देऊन काही मिनिटांत नष्ट करता येतो. इतकी सवड देणारे कर्करोग थोडेच. तरीही २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया दगावल्या.

न सांगितलेले दुखणे

स्त्रिया सांगत का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने जगाला दिले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक रोग आढळले. सरासरीने प्रत्येक स्त्रीमागे ३.६ रोग. आणि याआधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के.

त्या वेळेपर्यंत खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच समजले जाई. गर्भवती नसलेल्या बाईलाही शरीर आहे, हे त्या अभ्यासाने आकड्यांनी सिद्ध केले. या अभ्यासासाठी कोणतेही नवे यंत्र शोधावे लागले नव्हते. कोणी तरी गावात जाऊन विचारणे आणि तपासणे, एवढेच करावे लागले.

काचेची पट्टी

हा रोग आधी ओळखण्याचे पहिले मोठे साधन म्हणजे पॅप तपासणी. डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४३ साली तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखावरील पेशी खरवडून काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. ज्या देशांनी ही तपासणी नीट बांधून घेतली, तेथे या रोगाचे मृत्यू पुष्कळ घटले. ब्रिटनमध्ये १९८८ पासून प्रत्येक स्त्रीला ठरावीक वर्षांनी पत्र पाठवून बोलावण्याची पद्धत सुरू झाली.

पण या तपासणीच्या मागे काय काय लागते ते पाहा. नमुना नीट घेणारा हात, तो रंगविणारा तंत्रज्ञ, वाचणारा तज्ज्ञ, अहवाल परत पोहोचविणारी व्यवस्था, आणि दोष आढळल्यास त्या बाईला पुन्हा बोलावून उपचार करणारे रुग्णालय. म्हणजे बाईच्या किमान तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीत एक दिवसाची मजुरी, बसचे भाडे आणि सोबत कोणी तरी. पहिल्या फेरीला आलेल्या सगळ्या बाया दुसऱ्या फेरीला येत नाहीत. माझी मोठी आई दुसऱ्या फेरीतच गळाली.

व्हिनेगर आणि दहावी शिकलेली सेविका

या फेऱ्या कमी करता येतील काय, या विचारातून एक अगदी साधी चाचणी पुढे आली. तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे स्वयंपाकघरातील व्हिनेगरसारखेच द्रावण, कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखाला लावायचे आणि एक मिनिट थांबायचे. बदललेल्या पेशींत प्रथिन अधिक असते. आम्लाने ते साखळते आणि तो भाग पांढरा दिसू लागतो. चांगल्या प्रकाशात तो नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. उत्तर त्याच जागी, त्याच वेळी मिळते.

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत या चाचणीचा मोठा प्रयोग केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. चाचणी करणाऱ्या सेविका डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्यात आले होते. दर दोन वर्षांनी एक, अशा चार वेळा तपासण्या झाल्या. डॉ. सुरेंद्र शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली निष्कर्ष जाहीर केले : तपासणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

या प्रयोगाची दुसरी बाजूही लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. तुलनेसाठी ठेवलेल्या निम्म्या स्त्रियांना आरोग्याची माहिती मिळाली, पण चाचणी मिळाली नाही. हे न्याय्य होते काय, यावर जगभर वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे की, त्या काळी देशात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती आणि पुरावा मिळाल्याशिवाय ती सरकारने सुरू केली नसती. टीकाकारांचे म्हणणे असे की, पॅप तपासणीचा उपयोग आधीच ठाऊक होता. समाजशास्त्र व नीतिशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींनी या प्रश्नावर वर्गात जरूर चर्चा करावी.

बार्शीचा धडा

याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह, तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात आणखी एक अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. खेड्यांचे चार गट पाडले : एका गटात विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगर, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच झालेल्या विषाणू-चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने गेल्या, तर चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. पॅप व व्हिनेगर यांच्या गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

मुंबईत उपयोगी पडलेले व्हिनेगर येथे का कमी पडले? मुंबईत ही तपासणी चार वेळा झाली, येथे एकदाच. शिवाय व्हिनेगरची चाचणी पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते. पाळी बंद झाल्यावर तर पेशी बदलण्याची जागा आत सरकते व डोळ्यांना नीट दिसत नाही. विषाणूची चाचणी अधिक पक्की आहे, आणि तिचा नमुना स्त्रीला स्वतःच्या हाताने, पडद्याआड घेता येतो. लाजेमुळे तपासणी टाळणाऱ्या स्त्रीसाठी ही मोठीच सोय म्हणावी लागेल. परंतु तिला प्रयोगशाळा व पैसा लागतो आणि उत्तर बहुधा मागाहून येते. म्हणजे पुन्हा तो कागद आणि पुन्हा दुसरी फेरी.

लस

या विषाणूवरील लस २००६ पासून जगात वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या भारतीय लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी लहान वयाच्या मुलींना एक मात्राही पुरेशी ठरू शकते असे मत दिले. लस विषाणू येण्याआधी, म्हणजे नऊ ते चौदा वर्षांच्या वयात दिली तर सर्वांत उपयोगी पडते. आमच्या धाकट्या बहिणींसाठी ती आहे. आमच्या आयांसाठी तपासणीच आहे.

आमच्या गल्लीत

केंद्र सरकारने २०१६ साली ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर-चाचणी करावी, अशा सूचना काढल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात १.९ टक्केच निघाल्या. पुण्यात लस तयार होते, बार्शीचा अभ्यास जगभर वाचला जातो, आणि घरची बाई मात्र शंभरातील त्या अठ्ठ्याण्णवांत.

यंत्र नाही हे एकच कारण नाही, हे मला घरीच कळले. आई चव्वेचाळीस वर्षांची आहे. तिला तपासणीचे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मला काय झाले आहे, की मी तपासून घेऊ?” काही झालेले नसतानाच तपासायचे असते, हे समजावणे मला पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्यापेक्षा जड गेले. बाबांसमोर तो विषय काढता येईना. शेजारच्या काकूंना बाहेर कोणी पाहील याची भीती. शेवटी आमच्या आशाताईंनी तोड काढली. धान चुरून झाल्यावर, हाताशी काम कमी असताना, त्यांनी गल्लीतील चार बाया एकदमच न्यायचे ठरविले. मीही सोबत गेले. आत एकेकीला पाच-सात मिनिटे लागली. नर्सबाईंनी आईला तेथेच सांगितले, “सध्या काही नाही. पाच वर्षांनी पुन्हा या.” परत येताना आई हसून म्हणाली, “एवढ्यासाठीच का गं?” नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. घराजवळ आल्यावर म्हणाली, “बाईला कोणी असे नेले असते तर.” मोठ्या आईला ती बाई म्हणत असे.

उपसंहार

या अभ्यासातून माझ्यापुरता निष्कर्ष असा. स्त्रीच्या आरोग्याचे कोणतेही नवे साधन तपासताना दोन गोष्टी पाहाव्यात : ते रोग किती अचूक ओळखते, आणि चाचणीपासून उपचारापर्यंत बाईला किती फेऱ्या मारावयास लावते. पहिल्या गोष्टीवर शास्त्रज्ञांनी फार काम केले आहे. दुसरीवर मुंबई-बार्शीच्या मंडळींनी वाट दाखविली. जेथे उत्तर मागाहून येणार असेल तेथे ते घरपोच देण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर असलीच पाहिजे, नाहीतर उत्तम चाचणीही फुकट जाते.

आणि एक काम आपण विद्यार्थ्यांनीच करण्यासारखे आहे. आपल्या घरात तीस वर्षांवरील जी स्त्री असेल, आई, काकू, मावशी, वहिनी, तिला एकदा विचारावे. तिच्यासोबत जावे. मुलांनीही हा विषय बायकांचा म्हणून सोडून देऊ नये, कारण बसचे भाडे आणि एका दिवसाची सुटी बहुतेक घरांत तेच ठरवितात. आणि अहवाल पंधरा दिवसांनी मिळेल असे कोणी सांगितले, तर ती तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी व तो कागद आपण जाऊन आणावा, मग रोवणी असो वा परीक्षा.