एका दिवसाला एकच वाडा

आई-बाबांनो, इंग्लंडच्या सहलीचं वेळापत्रक तयार असेल तर आधी पेन्सिल घ्या आणि त्यातले निम्मे राजवाडे खोडून टाका. स्वतः ठेच लागली, म्हणून सांगते आहे. आमची लेक नऊ वर्षांची आणि आम्ही एका दिवसात दोन वाडे उरकायला निघालो होतो. दुसऱ्या वाड्याच्या तिसऱ्या दालनात ती सरळ जमिनीवर बसली. "सगळीकडे त्याच सोनेरी खुर्च्या आणि तेच आजोबा!" म्हणाली. तसबिरींमधले उमराव तिला आजोबाच वाटत होते. त्यात सकाळपासून आम्ही तिच्याशी 'हात लावू नकोस' याखेरीज फारसं काही बोललोच नव्हतो.

चूक तिची नव्हती. आपल्या मुलांना किल्ला ठाऊक असतो तो धापा टाकत चढायचा आणि वर जाऊन पिठलं-भाकरी खायचा. गालिचे अंथरलेला किल्ला त्यांना कुठून पचणार? विंडसरला मात्र ती रमली. अकराव्या शतकात विल्यम राजाने उभारलेल्या त्या अवाढव्य किल्ल्यात तिने काय पाहिलं, तर राणी मेरीचं बाहुलीघर. १९२४ मध्ये पूर्ण झालेलं हे घर एकास बारा प्रमाणात आहे. त्यात विजेचे दिवे आहेत, नळ आहेत, फ्लशचा संडाससुद्धा आहे! आराखडा ल्युटेन्सचा, म्हणजे आपल्या राष्ट्रपती भवनाच्याच वास्तुविशारदाचा. लेकीला ल्युटेन्सचं काही नव्हतं, संडासाचं होतं.

मग आम्ही शहाणे झालो आणि एक अख्खा दिवस ऑस्बोर्नला दिला. साउदॅम्प्टनहून बोटीने तासाभरात आइल ऑफ वाइटवर पोचता येतं. ऑस्बोर्न म्हणजे व्हिक्टोरिया राणी आणि तिचे पती अल्बर्ट यांचं तिथलं कुटुंबाचं घर. आम्ही आधी दालनांत शिरलोच नाही, बागेतून थेट स्विस कॉटेजकडे गेलो. राणीच्या नऊ मुलांसाठी १८५४ च्या सुमारास बांधलेलं हे लाकडी घर. इथे राजपुत्र आणि राजकन्या स्वयंपाक शिकत. प्रत्येकाचा भाजीचा वेगळा वाफा, नावाची आद्याक्षरं घातलेल्या छोट्या हातगाड्या. पिकलेली भाजी वडील बाजारभावाने विकत घेत. जवळच मुलांना खेळायला उभारलेला छोटा किल्ला. "अगं, हा तर दिवाळीतला किल्ला!" असं ओरडत ती तिकडे पळाली.

त्यानंतर वाडा. तिथलं दरबार दालन पाहायलाच हवं. लाहोरच्या कलाशाळेतल्या भाई राम सिंग यांनी ते सजवलं, लॉकवुड किपलिंग यांच्या साथीने. हे किपलिंग त्याआधी मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकवत होते. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला पांढराशुभ्र मोर आहे. राणी मात्र हिंदुस्थानात कधीच आली नाही. "मग आपल्याकडचं सगळं इथे कशाला?" लेकीने विचारलंच.

या प्रश्नाला घाबरू नका, टाळूही नका. भाषणही नको. शेजारच्या बोळात हिंदी माणसांची छोटी चित्रं ओळीने लावली आहेत, तिथे घेऊन जा. स्वोबोडा या चित्रकाराने राणीसाठी काढलेली. त्यांत बक्षीराम नावाचा म्हातारा कुंभार आहे. १८८६ च्या लंडनच्या प्रदर्शनात कसब दाखवायला त्याच्यासारखे कारागीर नेले होते आणि त्यांतले कित्येक आग्र्याच्या तुरुंगातले होते. "तुरुंगातून?" असं म्हणून ती त्या चेहऱ्यासमोर जितका वेळ उभी राहिली, तितका कुठल्याच सिंहासनासमोर राहिली नाही. साम्राज्य म्हणजे काय, हे मला तिला वेगळं सांगावं लागलं नाही.

पैशांचंही थोडं बोलू. ऑस्बोर्न, डोव्हरचा किल्ला ही ठिकाणं इंग्लिश हेरिटेजकडे आहेत. परदेशी पाहुण्यांसाठी त्यांचा थोड्या दिवसांचा पास मिळतो. विंडसर त्यात येत नाही, त्याचं तिकीट वेगळं. पास घेतला म्हणून सगळं पाहून 'वसूल' करायच्या नादाला लागू नका, आम्ही तिथेच फसलो.

परत आल्यावर लेकीने बाल्कनीतल्या कुंड्यांत मेथी पेरली. जुडी तिचे बाबाच घेतात, बाजारभावाने. उधारी चालत नाही.