एकच वही ठेव

परवा तू आलीस, चहा निवून साय धरली तरी कपाला हात लावला नाहीस. मला वाटलं, घरी काही बोलाचाली झाली. मग हळूच म्हणालीस, "ताई, मला लिहायचंय गं, पण कशावर लिहू तेच ठरत नाही." तुला वारल्यांच्या भिंतीवरच्या चौकाचं वेड, पक्ष्यांचं वेड. आजीच्या हातचे पदार्थ ती आहे तोवर उतरवून घ्यायचेत. कंपनीत कामाला येणाऱ्या पोरापोरींच्या गोष्टीही लिहायच्यात. आणि कुणीतरी तुला सांगून ठेवलंय की एक विषय धर, त्यात मुरून जा, बाकीचं सोडून दे, नाहीतर धड कशातच तुझं नाव होणार नाही. घरात पाहुणे होते, त्या दिवशी नीट बोलता आलं नाही. आज निवांत आहे, म्हणून सांगते.

यातलं काहीएक सोडू नकोस. पण सगळं एकाच वहीत लिही.

'एक विषय धर' असं मलाही कुणीतरी सांगितलं होतं. जव्हारकडून लग्न होऊन मी इकडे नगर हवेलीत, किलवणीला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत एक जाड वही होती. तिच्यात सगळं असायचं: लोणच्याचं प्रमाण, नव्या गावात ऐकलेले शब्द, कुठल्या झाडावर कुठलं पाखरू दिसलं ते, कुणाच्या बारशाला काय झालं ते. त्यातली चार पानं एकदा एका मासिकाकडे पाठवली. उत्तर आलं की आधी तुमचा विषय कोणता ते ठरवा. मी ते फार मनाला लावून घेतलं. वही सोडवली, पानं वेगळी केली आणि पाच वह्या केल्या. स्वयंपाकाची, पाखरांची, शब्दांची, गावाची, सणवारांची. प्रत्येकीला खाकी कव्हर घातलं, वर नाव लिहिलं. किती छान दिसत होत्या! वर्षभरात स्वयंपाकाची तेवढी भरली. पाखरांची निम्मी झाली. बाकी तिघी कोऱ्याच राहिल्या, कारण काहीही घडलं की पहिला विचार यायचा, हे कुठल्या वहीतलं? आणि त्या विचारातच लिहिणं राहून जायचं.

मग तो मे महिना आला. आमच्या मागच्या खोलीत तेव्हा उत्तर प्रदेशातला एक मुलगा भाड्याने राहायचा, सूत बनवणाऱ्या कंपनीत रात्रपाळीला. सकाळी आठला घरी यायचा, डोळे तांबारलेले, केसांत धाग्यांचा भुगा. एकदा ओट्यावर जेवायला बसला होता आणि मागच्या आंब्यावरून पावशा ओरडायला लागला. तुला माहीतच आहे तो कसा ओरडतो, एकेक पायरी वर चढत जातो, गळा फाटेल असं वाटतं, मग एकदम गप्प. मी म्हटलं, "ऐक, पेर्ते व्हा म्हणतोय. आता पाऊस लांब नाही." त्याने घास हातात तसाच धरला. म्हणाला, "आंटी, ये तो पपीहा है. पी कहाँ, पी कहाँ बोलता है." मी पुन्हा कान दिला, तर खरंच, त्याचंही बरोबर! एकच पाखरू. आपल्या शेतकऱ्याला ते पेरायला सांगतं, आणि त्याच्या मुलखात बायका त्याच सुरात विचारतात, माझा माणूस कुठे आहे. त्याची बायको गावी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो पुढे काही बोलला नाही. ताट मात्र अर्ध्यावर ठेवून उठला.

रात्री मी पाचही वह्या पुढ्यात घेऊन बसले. हे कशात लिहू? पाखरांच्या वहीत लिहिलं तर तो मुलगा सुटतो, शब्दांच्या वहीत लिहिलं तर त्याचं अर्धं ताट सुटतं, आणि गावाच्या वहीत लिहिलं तर पावशा सुटतो. दुसऱ्या दिवशी गोधडीचा दाभण आणि दुहेरी दोरा घेतला नि पाची वह्या एकत्र शिवून टाकल्या. आजही ती तशीच आहे. बोजड झालीय, पण हात लावला की उघडते.

तुला हेच सांगायचंय बघ. आपल्या आवडी एकमेकींशेजारी राहिल्या तरच त्या एकमेकींशी बोलतात. वेगळ्या कपाटांत कोंडल्या तर प्रत्येक आवड आपापल्या जागी शहाणी होते, पण ती मधली गोष्ट, जी फक्त तुलाच सापडणार असते, ती कुणालाच सापडत नाही.

आणि हे आपल्या किलवणीत राहून कळणार नाही तर कुठे कळणार? सकाळी दुधाला निघालं तर एका वळणावर वारली ऐकू येते, दुसऱ्यावर धोडिया, दुकानात गुजराती, नाक्यावर हिंदी, आणि आपल्या घरात मराठी. इथे कुणी एकाच भाषेत दिवस काढत नाही, मग तू एकाच विषयात वही का काढावीस?

एक नोंद सांगते. महिन्याच्या सुरुवातीला पोरं विचारतात, पगार झाला का? हा 'पगार' शब्द पोर्तुगिजांचा. चावी, बादली, पाव हेही त्यांचेच. पण ते लोक या डोंगरात आले कसे? तर मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्या एका जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने पेशव्यांनी या मुलखाचा महसूल देऊ केला, आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हाती गेली. दादरा त्यांनी नंतर, १७८५ ला घेतलं. पुढे पावणेदोनशे वर्षांनी ते गेले, पण महिना भरला की त्यांचाच शब्द आपल्या तोंडी येतो. आता मला सांग, ही नोंद इतिहासाची, भाषेची, का कंपनीतल्या पोरांची? मी ती तिघांचीही समजते, आणि एकाच पानावर लिहिते.

हिवाळ्यातलंही तसंच. वलसाडकडे रस्त्याच्या कडेला मडकी उपडी घालून उबाडियुं भाजतात, पापडी, कंद, रताळी, हिरवा मसाला आणि पाल्याचा वास. रायगडातल्या माझ्या मावशीची पोपटी आठवली, तिच्यात वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि भांबुर्ड्याचा पाला. मडकं तसंच उपडं, जाळ तसाच भोवतीने. मधे अख्खा ठाणे-पालघर पसरलाय, तरी दोन्हीकडच्या लोकांना थंडीत हीच बुद्धी झाली. नुसती पाककृतीची वही असती तर मी फक्त मिठाचं प्रमाण लिहून मोकळी झाले असते.

तुला वाटेल, ताईचं ठीक आहे, ती घरगुती लिहिते, मोठी माणसं असं करत नाहीत. करतात गं. दुर्गाबाई भागवतांचं बघ. मानववंशशास्त्र आणि लोकसाहित्याच्या त्या गाढ्या अभ्यासक. त्यांनी 'ऋतुचक्र'मध्ये बारा महिन्यांच्या झाडापानांवर लिहिलं आणि त्याच हाताने 'खमंग' नावाचं स्वयंपाकाचं पुस्तकही लिहिलं. १९७५ ला कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही त्याच. डॉ. अनिल अवचटांचं घे. शिकले डॉक्टरी, लिहिलं हमालांवर, वेठीला धरलेल्या माणसांवर, व्यसनाच्या विळख्यातल्यांवर. १९८६ मध्ये पत्नी डॉ. अनितांबरोबर पुण्यात 'मुक्तांगण' उभं केलं. आणि हेच गृहस्थ लाकूड कोरत, बासरी वाजवत, कागदाच्या घड्या घालून पाखरं करत. त्यांनी त्या छंदांवर वेगळं पुस्तकच लिहिलं. जो माणूस कागदाच्या घडीकडे इतकं टक लावून बघतो, त्याला हमालाच्या पाठीवरचा घट्टाही दिसतोच.

आणि आपल्या दारातलं उदाहरण कसं विसरतेस? २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगिजांकडून मुक्त झालं. त्या लढ्यात बंदूक घेऊन आलेल्या मराठी मंडळींत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पावसाळ्याचे दिवस, दमणगंगा भरलेली, रानातून चिखल तुडवत जायचं. तेच फडके आठ महिन्यांनी, १ एप्रिल १९५५ ला, पुणे आकाशवाणीवर माडगूळकरांचं 'गीतरामायण' गाऊ लागले, आणि वर्षभर दर आठवड्याला महाराष्ट्र रेडिओपुढे हात जोडून बसला. त्यांना कुणी म्हटलं असतं की तुम्ही गाणं तेवढं बघा, इतर भानगडीत पडू नका, तर? मला तरी वाटतं, ज्या गळ्याने पुढे ते गाणं गायलं, त्यात त्या चिखलातल्या रात्रींचाही वाटा असणार.

पण एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून सांभाळ. तुला 'मुरून जा' म्हणणाऱ्याचं अगदीच चूक नाही. विषय दहा असले तरी चालतील, पण जे लिहिशील त्यात वरवरचं काही नको. मी यात एकदा चुकलेय. वारली चित्रांवर मी तीन पानं लिहिली होती. वारली लोक हौसेने भिंती सजवतात, वगैरे. मी ती चित्रं साड्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर बघितलेली. शेजारच्या पाड्यावरच्या एका म्हातारीला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौस कसली बाय? चौक नाही तर लगीन नाही." मग तिने मला समोर बसवून सांगितलं. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा चौक सवाशिणींनी काढायचा, मधे पालघट देवी बसवायची, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणायची. कागदावरची, विकायची चित्रं नंतरची. त्यातले सर्वांत मोठे जिव्या सोमा म्हसे, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. माझी तीन पानं मी खोडली नाहीत. त्यांच्यावर आडवी रेघ मारली आणि समोरच्या पानावर म्हातारीचं लिहिलं. तेव्हापासून डावं पान मी कोरंच ठेवते. कळलेलं चुकीचं निघतं, अर्धं निघतं, त्याला जागा लागते. तूही ठेव.

बाकी बारीकसारीक. वर तारीख आणि गावाचं नाव घालायला विसरू नकोस, किलवणी का गलोंडा का रांधा, पाच वर्षांनी तेच कामाला येतं. वहीच्या मागच्या चार पानांवर यादी ठेव, पावशा पान अमुक, पोपटी पान तमुक, म्हणजे पसारा झाला तरी हरवणार नाही. आठवड्याला एक चित्र, एक पाखरू, एक पदार्थ असली वाटणी करू नकोस, त्याचं ओझं होतं. महिन्याच्या मागे जा. जेठात पावशा आहे, आषाढात रानभाज्या आहेत, भात झोडून झालं की तारप्याचा आवाज येतो. दुधी भोपळ्याचा, बांबूचा नि ताडाच्या पानांचा तो तारपा कसा जोडतात ते एकदा जवळ बसून बघ आणि त्याच दिवशी लिही, उद्यावर टाकलंस की मेणाचा वास विसरशील. वर्ष आपणच विषय बदलत जातं, तू फक्त त्याच्याबरोबर चाल.

माणसांवर लिहिशील तेव्हा त्यांना विचारून लिही, नाव बदल, पाडा बदल. त्या रात्रपाळीच्या मुलाला मी विचारलं होतं. तो म्हणाला, लिहा, पण माझं गाव लिहू नका. ते मी अजून लिहिलेलं नाही.

आणि कुणी तुझं पान हातात घेऊन फक्त पाककृती वाचली, बाकीचं उलटून टाकलं, तर वाईट वाटून घेऊ नकोस. पोपटीसाठी आलेली एक बाई माझ्याकडे पावशापाशी थांबली आणि रडली. तिचा नवरा सुरतेला होता. सगळं एका वहीत होतं म्हणून तर ती तिथे पोचली.

घरचे विचारतील, याचा उपयोग काय. वाद घालू नकोस. भांडी आवरल्यावरची वीस मिनिटं तुझी, एवढं एकदाच सांग आणि पाळ. मी सासूबाईंना असंच सांगितलं होतं. पुढे त्याच मला त्यांच्या माहेरच्या ओव्या सांगायला लागल्या, आणि त्या गेल्या तेव्हा त्यांच्या ओव्या फक्त माझ्या वहीत उरल्या होत्या.

तुझी आजी अजून आहे. तिला विचारायचं ते या पावसाळ्याच्या आत विचारून घे. आणि रविवारी ये माझ्याकडे, वही घेऊन ये. कोरी आणू नकोस, पहिल्या पानावर तारीख, किलवणी, आणि चार ओळी लिहून आण. कशावरच्याही.