चित्रकलेच्या आधारे सागरकिनाऱ्याचा पाठ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. येथील पुष्कळ मुलांस समुद्र ठाऊक असतो तो पुस्तकातील चित्रापुरता. काही छात्राध्यापकांचीही स्थिती याहून निराळी नसते. परिणामी भरती-ओहोटीचा पाठ व्याख्या मुखोद्गत करवून घेण्यावर आटोपतो. ही उणीव चित्रकलेच्या साहाय्याने बरीच भरून काढता येते. कारण वस्तूचे चित्र काढावयाचे म्हणजे ती बारकाईने पाहावीच लागते.

आरंभ परिसरातील पाण्यापासून करावा. पैठणचा नाथसागर हा 1976 साली लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय असून 1986 पासून तो पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या काठी बसून छात्राध्यापकांनी कागदावर कोरडी जमीन, ओला चिखल, उथळ पाणी व खोल पाणी असे चार पट्टे आखावेत आणि ज्या पट्ट्यात जी वनस्पती वा जो पक्षी दिसेल तो तेथेच रेखाटावा. बगळ्याचे पाय काढताना ते इतके लांब का, हा प्रश्न आपोआप उद्भवतो.

येथे एक दक्षता घ्यावी. नाथसागराचे पाणी पावसाळ्यात चढते व उन्हाळ्यात ओसरते. ही भरती-ओहोटी नव्हे. समुद्राची भरती चंद्र-सूर्यांच्या आकर्षणामुळे येते. कोकण किनाऱ्यावर ती दिवसातून साधारणतः दोनदा येते व तिची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. जलाशयासाठी बारा महिन्यांची व समुद्रासाठी 24 तासांची अशा दोन पट्ट्या रंगवून शेजारी लावाव्यात, म्हणजे भेद स्पष्ट होतो.

त्यानंतर समुद्रकिनाऱ्याचेही तसेच पट्टे काढावेत. भरतीच्या पट्ट्यात खडकास चिकटलेली कालवे दाखवावीत. ओहोटीच्या वेळी ती शिंपले मिटून आतील ओलावा राखतात. खाडीकाठी पांढरी चिप्पी काढावी. 2020 साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झालेल्या या झाडाची श्वसनमुळे हवेसाठी चिखलातून वर येतात. शेजारी गावची बाभूळ काढल्यास तुलना सुलभ होते.

समुद्राचा एक जुना धागा याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्णाच्या कथेतील तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा व्यापारी. जहाजावर रांजणांची रांग दिसते. छापील प्रतीवरून तिचे रेखाटन करवून विचारावे: सभोवार समुद्र असता खलाशांस पाण्याचा साठा का न्यावा लागतो?

चित्रांची तपासणी करताना रंगांच्या सफाईपेक्षा निरीक्षणाच्या अचूकतेस अधिक गुण द्यावेत. प्रत्येक चित्रावर स्थळ, दिनांक व वेळ लिहवावी. शक्य तेथे कोकणातील एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार करून एकाच दिवसाच्या भरतीचे व ओहोटीचे चित्र मागवावे आणि उलटटपाली नाथसागराचे पाठवावे. तिकडील मुलांनाही दुसऱ्या प्रकारचा काठ पाहावयास मिळेल.