लागले, दुखले, दुखावले

इंग्रजीच्या तासाला तुम्ही ‘हर्ट’ हा शब्द शिकला आहात. गुडघा फुटला तरी ‘हर्ट’ आणि कोणी टोचून बोलले तरी ‘हर्ट’. मराठीत मात्र नेमके काय झाले ते पाहून शब्द निवडावा लागतो.

समजा, तुम्ही सायकलवरून पडलात. घरी आपण ‘चोट लगी’ म्हणतो. त्यावरून ‘मला चोट लागली’ असे म्हटले तरी तुमसरच्या बाजारात सर्वांना कळेल. मध्य प्रदेशाची हद्द इथून जवळच आहे. पण लेखी मराठीत ‘मला लागले’ एवढेच पुरते. कुठे ते सांगायचे असेल तर ‘माझ्या पायाला लागले’ असे म्हणा.

कातडी फाटून रक्त आले की ती जखम. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. फारसीतला ‘ज़ख़्म’ मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. (आपल्या तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग या खाणीच्या गावाच्या नावातला ‘बुजुर्ग’ही फारसीच.) मात्र मराठीत येताना त्याचे लिंग बदलले. उर्दूत ज़ख़्म पुल्लिंगी, मराठीत जखम स्त्रीलिंगी. म्हणून ‘माझा जखम बरा झाला’ नव्हे, ‘माझी जखम बरी झाली’. अनेक असतील तर जखमा; मलम लावायचे ते जखमेवर. नुक्ता लिहू नका, आणि ‘ख’ घशातून न काढता ‘खडू’मधल्यासारखा म्हणा.

रक्त आले नाही, पण आत ठणकते आहे, तर तो मुका मार. ‘मुक्का’ नव्हे! मुका म्हणजे गूँगा. मार बसला, पण वरून काही बोलत नाही. किती नेमका शब्द आहे पाहा! दवाखान्यात हा फरक नीट सांगता आला पाहिजे. जखम म्हटले की डॉक्टर धनुर्वाताच्या इंजेक्शनचा विचार करतात. मुका मार म्हटले की हाड मोडले आहे का, ते तपासतात.

‘इजा’ अरबीतून आला. उर्दूत ईज़ा मनालाही पोचते. मराठीत इजा सहसा शरीरालाच होते : ‘फटाक्याने डोळ्याला इजा झाली.’ कोठे ‘इजा, बिजा, तिजा’ असे वाचाल तर घाबरू नका. तिथे कोणाला लागलेले नसते. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा एवढाच त्याचा अर्थ.

‘दुखापत’ हा वर्तमानपत्राचा आणि कायद्याचा शब्द. दुखापतीमुळे खेळाडू संघाबाहेर राहतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साधी आणि जबर असा दुखापतीचा भेद होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो आहे. हाड किंवा दात मोडला तर ती जबर दुखापत, आणि तिची शिक्षाही अधिक. म्हणून पोलिसांकडे तक्रार लिहिताना ‘मला मारले’ एवढ्यावर थांबू नये. काय मोडले, कुठे जखम झाली, तेही लिहावे.

राहिले मन. पाय दुखतो, पण मन दुखावते. आणि ‘त्याचे बोलणे मला लागले’ असेही आपण म्हणतो; तिथे मलम चालत नाही.

स्वाध्याय
१. ‘जखम’ शब्दाची तीन वाक्ये लिहा : एकात जखमा, एकात जखमेवर, एकात जखमी.
२. शाळेच्या मैदानावर पडलेल्या मित्राबद्दल डॉक्टरांना काय सांगाल? चार ओळी लिहा.